मचाणाचा दोर

क्लोविसने ट्रकच्या मागून प्लास्टिकची मोठी पेटी उतरवली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून ओसरीच्या पायऱ्या चढला आणि ती ट्वायलाच्या पायाशी ठेवली. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी लावलेली होती. ती त्याने नखाने उकलली, पण झाकण उघडलं नाही.

“तूच उघड,” तो म्हणाला. “आणि आधी नाक घाल आत. बघ काही येतं का.”

ट्वायलाने झाकण उचललं. वर ओकच्या सुक्या पानांचा थर होता. तो बाजूला सारल्यावर खाली वडिलांचे, ऑरिनचे, कपडे दिसले, नीट घड्या घातलेले. सगळ्यांत वर लाल चौकड्यांचा तो जाड शर्ट होता, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला कायम लटकलेला असायचा तो. तिने तो उचलला, पानं झटकली आणि चेहऱ्याशी नेला. आधी कॉलर. मग काख. मग बाहीचं टोक, ज्याला तिचे वडील जेवताना तोंड पुसायचे.

“काही येतं?”

“नाही.”

“काहीच नाही ना?”

“काहीच नाही, क्लोविसकाका.”

क्लोविसचा लालबुंद रुंद चेहरा खुलला. कधी नव्हे ते गणित बरोबर आलेल्या मुलासारखा तो ओसरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

“खाण्याच्या सोड्यात दोनदा भिजवले,” तो सांगू लागला. “मग बाहेर तारेवर. तुझी मेव्हिसकाकू मासे तळायला लागली तेव्हा सगळं उचलून पार कुंपणापलीकडे नेलं. ती म्हणते, आता कुणासाठी चाललंय हे, माणूस तर गेला. मी म्हटलं, पोरगी यायची आहे शिकारीच्या हंगामाला. मग पानं. ती ओढ्याकाठचीच आणली, तू जिथं बसणार तिथली. नाहीतर तुझा बाप थडग्यातून उठून आला असता भांडायला. मी आयुष्यात माझी स्वतःची चड्डी अशी धुतली नाही.”

ट्वायला हसली. तो त्यासाठी थांबला होता.

“खिळ्यावरचंसुद्धा धुतलंत?”

“सगळं. टोपलीतलं, खिळ्यावरचं, टोप्या. त्याच्या खुर्चीवरची गादी उन्हात टाकली. ट्रकची सीट पुसली. उशीचे अभ्रेसुद्धा.”

“अभ्रे कशाला?”

“अगं, तू तिथंच झोपणार ना आज? उशीचा वास केसांना लागतो. हे माझं नाही हां, ऑरिनचं.”

ह्यूस्टनहून येताना रस्ताभर ट्वायलाच्या डोळ्यांसमोर तो शर्ट होता. अंत्यविधीच्या दिवशी स्वयंपाकघर शेजारणींनी भरलेलं होतं. दारामागे हात घालून तिने बाहीला नुसता स्पर्श केला होता आणि कुणीतरी डिश मागितली म्हणून हात काढून घेतला होता. शर्ट कुठं जातोय, असं तिला वाटलं होतं. आपण परत येऊ, घरात कुणी नसेल, दार लावून घेऊ.

तिने शर्टची घडी घातली आणि तो पेटीत परत ठेवला.

“फार केलंत तुम्ही,” ती म्हणाली.

“छे, त्यात काय. चाळीस वर्षं त्याची टिंगल केली मी याच गोष्टीवरून. म्हटलं, एकदा तरी करून बघावं.”

टिंगल सगळेच करायचे. ऑगस्ट सरला की ऑरिन टीगचं सोवळं सुरू व्हायचं. कांदा बंद, लसूण बंद, तळलेलं बंद. सकाळची कॉफी बंद. तंबाखूची डबी शेडमध्ये वरच्या फळीवर जायची आणि ती थेट जानेवारीनंतर खाली यायची. साबण बिनवासाचा. दात घासायचे तेही सोड्याने. शिकारीचे कपडे घरात येत नसत आणि घरातले कपडे घालून तो रानात जात नसे. पेट्रोल भरायचं असेल तर क्लोविसला पाठवायचा. चर्चमध्ये सगळ्यांत मागच्या बाकावर, खिडकीशी बसायचा, कारण पुढे बायकांची अत्तरं असत. पाळकाने एकदा विचारलं, तर म्हणाला होता, देवाला मी इथूनही ऐकू जातो.

बंदुकीवाल्यांना हे करावं लागत नाही. ते लांबून गोळी घालतात. धनुष्याच्या माणसाला जनावर इतकं जवळ येऊ द्यावं लागतं की त्याच्या पापण्या दिसाव्यात. आणि हरिणाला फसवता येतं डोळ्यांनी, फसवता येतं कानांनी. नाकाने नाही. रानडुकराचं तर विचारूच नका. ऑरिन म्हणायचा, हरीण वास घेतं आणि विचार करतं. डुक्कर वास घेतं आणि निघून जातं.

ट्वायलाची आई लव्हॉन हयात होती तेव्हा हंगामभर कुरकुर करायची. “कसल्या माणसाशी लग्न केलंय मी,” ती म्हणायची. “अंधारात शेजारी कुणी झोपलंय की नाही, हात लावून बघावं लागतं.” मग जानेवारी संपला की एका सकाळी स्वयंपाकघरात कांदा परतल्याचा वास यायचा, शेडमधून डबी खाली यायची आणि ऑरिन टीग परत माणसांत यायचा. तंबाखू, करवतीचं तेल, पाइनचा डिंक, घाम आणि दाढीनंतर लावायचं ते निळं पाणी. लव्हॉन त्याच्या मानेशी नाक नेऊन म्हणायची, “या. कुठं होतात इतके दिवस?” ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तो गेला ऑगस्टच्या शेवटी, सोवळं सुरू व्हायच्या आधी. म्हणजे घरात सगळा उन्हाळा अजून होता. टोपलीत, खिळ्यावर, उशीत. आणि क्लोविसने तो दोनदा सोड्यात भिजवला.

“मेव्हिसने कोंबडी आणि उकडलेले बटाटे पाठवलेत,” क्लोविस पायऱ्या उतरताना म्हणाला. “कांदा नाही, लसूण नाही, मीठही जेमतेम. तोंडाला चव लागली तर मला सांग, तिच्याकडे तक्रार करतो.”

ट्रक वळून गेल्यावर ट्वायला घरात शिरली. ऊन अजून खिडकीत होतं. तिने जेवण ओट्यावर ठेवलं आणि शोधायला लागली. घाई केली नाही. आधी टोपीची आतली पट्टी. मग खुर्चीचे हात, जिथं चामडं त्याच्या मनगटांनी काळं पडलं होतं; तिथेही सोड्याची पांढरट रेघ सुकलेली होती. न्हाणीघरातलं निळ्या पाण्याचं फडताळ तिने उघडलं. बाटली होती. तिने बूच काढलं आणि लगेच परत लावलं. तो दुकानाचा वास होता. ऑरिनच्या कातडीवर तो वेगळा व्हायचा.

बोटांना घालायचा चामड्याचा तुकडा, ज्याने तो प्रत्यंचा ओढायचा, धनुष्यापाशी टांगलेला होता. प्रत्यंचा ओढली की अंगठा जबड्याच्या हाडाखाली टेकायचा आणि चामडं ओठाच्या कोपऱ्याला लागायचं, दरवेळी त्याच जागी. ट्वायलाने तो ओठाशी नेला. मेण. नुसतं मेण. हे क्लोविसचं काम नव्हतं, हे ऑरिनचंच. दर उन्हाळ्यात तो ते चामडं पुसून त्याला मेण चोळून ठेवायचा.

स्वतःला पुसून काढण्यात त्याने किती मेहनत घेतली होती, असं तिच्या मनात आलं. आणि केवढं यश आलं होतं.

तिने थंड कोंबडी उभ्या उभ्याच खाल्ली आणि उजेड असतानाच बिछान्यावर जाऊन पडली. उशी ताठ, स्वच्छ आणि कुणाचीच नव्हती.

पहाटे तिने पेटीतलेच कपडे चढवले. क्लोविस न्यायला आला तेव्हा त्याच्या गालात तंबाखूची गोळी होती.

“माझ्याकडे असं बघू नकोस,” तो म्हणाला. “मी डुकरांसाठी बसतोय, पाणथळीकडे. डुकरांना माझा वास ओळखीचा झालाय. त्यांना वाटतं मी त्यांच्यातलाच. तू काच खाली कर आणि तोंड बाहेर काढून बस, कुत्र्यासारखी. ऑरिन तसाच बसायचा.”

ती काच खाली करून बसली. हवा कोरडी होती. ऑगस्टपासून पाऊस म्हणून नव्हता. नेचेस नदीचं पाणी मागे सरकून वाळू उघडी पडली होती आणि ओकच्या बिया वेळेआधीच गळायला लागल्या होत्या.

“आज संध्याकाळी येणार म्हणतात पाऊस,” क्लोविस म्हणाला. “म्हणतात रोजच.” मग जरा वेळाने, “ओपलबाई दिसली तर काय करणार?”

ओपलबाई ही एक म्हातारी हरिणी होती. डाव्या कानाला खाच. ऑरिनच्या लहानपणी शाळेत ओपल नावाच्या बाई होत्या, त्यांना शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या खिशातली तंबाखू फळ्यापाशी उभं राहून कळायची. हरिणीचं नाव त्यांच्यावरून पडलं. किती हंगाम ऑरिन तिच्यासाठी बसला होता आणि किती हंगाम तिने त्याला वेळीच हुंगून काढलं होतं! एकदा ती त्याच्या खाली पुरती आडवी उभी राहिली होती, असं क्लोविस सांगायचा. ऑरिन सांगायचा नाही.

“काय करणार म्हणजे?” ट्वायला म्हणाली. “डॅडीने सांगितलं होतं, यंदा ती ओढ्याच्या बाजूने येतेय म्हणून. माझ्यासाठी मचाण बांधलं त्याने तिथं.”

“हो, माहितीय. गेला त्याच्या आदल्या आठवड्यात. दोन दिवस राबत होता. मी म्हटलं, उन्हात मरशील.” पुढे रस्ता सरळ असूनही क्लोविसने दोन्ही हातांनी चाक धरलं. “म्हणजे, बोलण्यात म्हणतो ना माणूस, तसं.”

“माहितीय.”

“तिला मारायची नव्हतीच त्याला,” तो म्हणाला. “ती गेली असती तर सोड्याची आंघोळ कुणासाठी केली असती त्याने?”

ती ओढ्याच्या पात्रातून चालत गेली, रबरी बुटांत, वाट सोडून. घराकडून येणारी पायवाट मचाणाच्या दुसऱ्या अंगाला होती. ऑरिन तिथून यायचा, पण तिला त्याने फोनवर बजावलं होतं, ओढ्यातून ये. झाडापाशी दोर लटकत होता. जाडसर, मातकट रंगाचा, वरच्या बैठकीपासून जमिनीपर्यंत सोडलेला, आणि खालच्या टोकाला कडी बांधलेली. धनुष्य घेऊन कुणी शिडी चढत नाही. कडीत धनुष्य अडकवायचं, मोकळ्या हातांनी वर जायचं आणि मग दोराने ते वर ओढून घ्यायचं. ट्वायलाच्या हातांत मोजे होते. रानात कशालाही उघडा हात लावायचा नाही हे ती सायकल शिकायच्या आधी शिकली होती. ऑरिन स्वतः मात्र दोराची गाठ उघड्या बोटांनीच बांधायचा. मोज्यातून गाठ कळत नाही, म्हणायचा. ऊन-पाऊस आहेत की धुवायला.

वर बसल्यावर तिने दोर पुन्हा खाली सोडला, पायांत गुंतू नये म्हणून. खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली. तिच्यात रुईसारख्या एका रानझुडपाच्या बोंडातल्या म्हाताऱ्या होत्या, ऑरिनने दर शरदात गोळा करून ठेवलेल्या. तिने एक म्हातारी बोटांत धरून सोडली. ती तिच्या चेहऱ्याजवळून मागे, ओढ्याकडे तरंगत गेली. वारा बरोबर होता. समोरून येईल ते तिला आधी दिसणार होतं आणि तिचा वास ओढ्यावर जाऊन पडणार होता.

उजेड होता होता डुकरं आली. आधी फांद्या मोडल्याचा आवाज, मग कुरबुर, मग ती दिसली. एक काळी थोराड मादी आणि तिच्यामागे तिची पलटण. ती ओकच्या बियांवर तुटून पडली. दातांखाली बिया फुटल्याचा आवाज वर ऐकू येत होता. मागे राहिलेलं एक गुबगुबीत डुक्कर आडवं उभं राहिलं, बाणाला अगदी हवं तसं. ट्वायलाने धनुष्य उचललं नाही. हंगामातलं पहिलं जनावर जाऊ द्यायचं, हा ऑरिनचा रिवाज होता. का, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. क्लोविस म्हणायचा, आळस, दुसरं काय. डुकरं खात, ढकलाढकली करत पाणथळीकडे गेली. तिकडे क्लोविस होता. तिकडून काही आवाज आला नाही.

मग बराच वेळ काही नव्हतं. एक खार. एक सुतार पक्षी. ऊन वरच्या फांद्यांवरून खाली सरकत आलं. तिने आणखी एक म्हातारी सोडली. ही मागे गेली नाही, सरळ वर चढत गेली. जमीन तापू लागली होती आणि हवा झाडाच्या खोडालगत वर जात होती.

हरिणी कधी आली ते कळलंच नाही. झुडपं होती आणि मग झुडपांत एक कान होता, खाचेचा.

ओपलबाई आपल्या चालीने आली. दोन पावलं, थांबा. मान खाली घातल्यासारखं करून एकदम वर. जीभ काढून नाक ओलं केलं. तिचं तोंड राखाडी झालं होतं, मानेचे केस विरळ. ती ओढ्याकडे गेली नाही, बियांकडेही गेली नाही. झाडाकडे आली.

ती खोडाआड गेली तेवढ्या क्षणात ट्वायलाने धनुष्य ओढलं. अंगठा जबड्याखाली, चामडं ओठाच्या कोपऱ्याला. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने, बारीक. हरिणी खोडाच्या अलीकडे आली आणि बरोबर खाली, आडवी उभी राहिली. खांद्यामागचा एक केस निवड, ऑरिन म्हणायचा, आख्खं हरीण बघू नकोस. तिने केस निवडला.

हरिणीने दोराच्या टोकाला नाक लावलं.

लगेच मागे घेतलं, आणि परत लावलं. मान लांब केली. नाक दोरावरून हळूहळू वर सरकत गेलं, कडीपासून गाठीपर्यंत, आणि गाठीपाशी थांबलं. ट्वायलाला वरून तिच्या नाकपुड्या उघडमीट करताना दिसत होत्या. दोन्ही कान पुढे झाले. तिने पुढचा एक खूर उचलला, तसाच धरला, आणि जमिनीवर आपटला.

आता ती वर बघणार, असं ट्वायलाला वाटलं. वर बघितलं तर संपलं.

तिने वर बघितलं नाही. मान वळवून तिने पायवाटेकडे बघितलं, घराकडून येणाऱ्या. आणि बघत राहिली. पुन्हा गाठ हुंगली आणि पुन्हा वाटेकडे बघितलं. कान तिकडेच रोखलेले. वाटेवर ऊन पडलं होतं आणि पानं होती, बाकी काही नव्हतं.

धनुष्य ओढलेलंच होतं. खांदा भरून आला. तो केस कुठला होता ते ट्वायला विसरून गेली होती. तीही वाटेकडे बघत होती.

मग हरिणी जोराने फुरफुरली, रागाने शिंकावं तशी, आणि पांढरी शेपटी उभारून दोन उड्यांत दिसेनाशी झाली. पलीकडच्या झाडीतून ती आणखी एकदा फुरफुरली. मग आणखी लांबून.

ट्वायलाने बाण न सोडता प्रत्यंचा सैल केली. धनुष्य मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

उतरल्यावर ती दोरापाशी गेली. हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून ती वाकली, आणि हरिणीने केलं होतं तसं टोकापासून गाठीपर्यंत नाक नेलं. धूळ. दोराचा स्वतःचा, गोदामासारखा वास. तिने डोळे मिटले, श्वास पूर्ण सोडला आणि पुन्हा घेतला. गाठीपाशी थांबली. गाठ ऑरिनची होती, दुहेरी, शेपूट आत खोचलेली. तिच्यातून ट्वायलाला काहीही आलं नाही.

ती तशीच वाकलेली असताना क्लोविस पायवाटेने धापा टाकत आला.

“ओपलबाईच ना?” तो म्हणाला. “पाणथळीपर्यंत ऐकू आलं. माझी डुकरं उधळली. तुझा वास लागला का तिला?”

“नाही. हवा वर चालली होती.”

“मग कशाला बोंबलली?”

“दोर हुंगला तिने.”

“तू उघडा हात लावलास?”

ट्वायलाने मोजे घातलेले हात पुढे केले.

क्लोविसने मोज्यांकडे बघितलं. “मग बुटांचा असेल,” तो म्हणाला. “नाहीतर कसलाही. म्हाताऱ्या बायकांचं काय, त्यांना नसलेलाही वास येतो. हे झाड आता तिला कळलं. दोर काढून टाकू. माझ्या ट्रकमध्ये नवा आहे, पानांत ठेवलेला. हा घरी नेऊन सोड्यात...”

त्याने गाठीकडे हात नेला होता.

“राहू दे तो,” ट्वायला म्हणाली.

“अगं, पण ती परत यायची नाही इथं. हा हंगाम गेला म्हणून समज.”

“जाऊ दे. राहू दे तसाच.”

तिचा आवाज चढला नव्हता. पण क्लोविसचा हात हवेतच थांबला. त्याने गाठीकडे नीट बघितलं, दुहेरी, शेपूट आत खोचलेली. मग वर मचाणाकडे बघितलं. मग ट्वायलाकडे, तिच्या अंगावरच्या लाल चौकड्यांच्या शर्टाकडे, ज्याच्या बाह्या तिला मोठ्या होत होत्या. त्याचं तंबाखू चघळणं थांबलं.

“मी सगळंच धुतलं गं,” तो म्हणाला.

“हो.”

“उशीचे अभ्रेसुद्धा.”

“काका, असू दे.”

लांब पश्चिमेकडे गडगडलं, ट्रक पुलावरून जावा तसं. दोघांनीही तिकडे बघितलं. नदीपलीकडे आभाळ खालून काळं व्हायला लागलं होतं, आणि या वेळी ते नुसतं म्हणण्यापुरतं दिसत नव्हतं.

क्लोविस झाडापासून बाजूला झाला. पायवाटेने बराच लांब गेला, तिथं तोंडातली तंबाखू थुंकली, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, आणखी एकदा भरली. हात पँटला पुसत परत आला.

“तुझे मोजे दे जरा.”

“तुम्हाला होणार नाहीत.”

“दे गं.”

तिने मोजे काढून दिले. चाळीस वर्षांत क्लोविसने रानात हातमोजे घातलेले कुणी पाहिले नव्हते. एकेक जाड बोट त्याने आत कोंबलं, शिवण उसवत होती तरी कोंबलं. मग शिडी चढला, आपल्या वजनाला शिव्या देत, बैठकीपर्यंत. तिथून त्याने दोर वर ओढला. ओढताना गाठ कशालाही घासू देत नव्हता. हलक्या हाताने त्याचं वेटोळं केलं आणि बैठकीखालच्या कोरड्या फळीवर सारलं, पार आत, खोडाला टेकवून.

“काय करताय?” ट्वायलाने खालून विचारलं.

त्याने खाली बघितलं नाही. खिशातून प्लास्टिकचा तुकडा काढून तो वेटोळ्यावर पसरत होता, कडा दाबत होता.

“पाऊस येतोय,” तो म्हणाला.